वाचक विचारतात : बटण दाबलं, पण कॉम्प्युटर उठेना

पावसाळा सरत आला की या सदराच्या टपालात एक तक्रार हमखास असते. वळवात, पावसात, लाईटच्या येण्या-जाण्यात जुना कॉम्प्युटर बंद पडला आणि आता चालूच होत नाही. यंदा खानापूर, उद्यमबाग, निपाणी, अथणी अशा चहूबाजूंनी पत्रं आहेत. यंत्रं बहुतेक दहा-पंधरा वर्षांची, आणि ती टाकून देणं परवडणारं नाही. कुणाचा हिशेब त्यात आहे, कुणाचं जुनं टायपिंगचं सॉफ्टवेअर नव्या मशीनवर चालत नाही.

उत्तरांआधी एक शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच ‘सीपीयू’ म्हणतात. इथं डबा म्हणजे कॅबिनेट. त्यातला, मागे पॉवर कॉर्ड घुसते तो पत्र्याचा खोका म्हणजे एसएमपीएस, भिंतीतली वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणारा. आणि सीपीयू म्हणजे मदरबोर्डवर फॅनखाली बसलेली चिप.

प्रश्न : आमच्या हायस्कूलच्या ऑफिसातला कॉम्प्युटर बारा वर्षांचा आहे. भिंतीवरचं बटण आम्ही कधीच बंद करत नव्हतो. गणपतीच्या सुट्टीत इकडे तीन दिवस लाईट नव्हती. त्यानंतर पुढचं बटण दाबलं तर काय पण नाही, फॅन नाही, दिवा नाही. मेकॅनिक म्हणतो मदरबोर्ड गेला. खरं असेल काय?
– एक शिक्षक, खानापूर तालुका

खरं असेलही, पण तो निकाल इतक्यात मान्य करू नका. तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी वेगळंच सांगतात: मशीन वर्षानुवर्षं प्लगवर जागं होतं, आणि तीन दिवस पूर्ण थंड पडल्यावर मेलं.

एसएमपीएसच्या खोक्यात खरं तर दोन पुरवठे असतात. मोठा पुरवठा बटण दाबल्यावर सुरू होतो. लहान पुरवठा ५ व्होल्टचा, तो प्लगला लाईट आहे तोवर चोवीस तास चालू असतो. त्याला स्टँडबाय म्हणतात. पुढचं बटण दाबल्यावर मदरबोर्डला जी जाग येते ती याच वीजेवर. या लहान सर्किटमध्ये करंगळीच्या नखाएवढा एक कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असतो, बहुधा २२ किंवा ४७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा. शेजारचे भाग कायम गरम, त्यामुळे हा वर्षानुवर्षं भाजत राहतो आणि आतला द्रव सुकतो. ऊब आहे तोवर तो कसाबसा काम निभावतो. एकदा थंड झाला की सर्किट नव्यानं सुरू करण्यापुरता जोर त्याच्यात उरत नाही. ‘चालू होता तोवर ठणठणीत, लाईट गेली आणि गेलाच’ अशा जुन्या मशीनमागे पुष्कळदा हाच असतो.

पण हा अंदाज झाला. उसाच्या शेवटच्या सरीला पाणी पोचलं नाही तर आपण लगेच मोटार बदलत नाही, पाट कुठं फुटलाय ते बघत जातो. इथंही करंट कुठवर पोचतोय ते बघत जायचं. त्यासाठी साधा डिजिटल मल्टीमीटर पुरतो.

सुरुवात भिंतीपासून. मीटर एसी ७५० किंवा ६०० च्या खुणेवर ठेवून सॉकेट मोजा. २३०च्या आसपास हवेत. मग पॉवर कॉर्ड बदला. जुन्या मॉनिटरची कॉर्ड बहुधा तीच असते, ती लावून बघा. स्पाइक बस्टर मध्ये असेल तर काढून थेट भिंतीला लावा, कारण त्यातला फ्यूज उडालेला असतो आणि त्याचा लाल दिवा मात्र पेटत राहतो, असा प्रकार होतो. एसएमपीएसच्या मागचा काळा स्विच रेघेकडे दाबलेला हवा, गोलाकडे नव्हे. काही जुन्या खोक्यांवर ११५ आणि २३० असा लाल सरकता स्विच असतो. तो २३०वरच हवा. साफसफाईत कुणी तो ११५वर सरकवला आणि लाईट लावली, तर आतल्या मोठ्या कपॅसिटरवर दुप्पट दाब पडतो, धडाम आवाज होतो आणि पुढचं काही तपासायचं उरत नाही.

एवढं ठीक असेल तर प्लग काढा, पुढचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा लावून बघा. लाईट खालीवर झाल्यावर एसएमपीएसचं संरक्षण कधीकधी अडकून बसतं, ते यानं सुटतं. फुकटचा उपाय आहे, आणि कधीकधी पत्र लिहायची वेळच येत नाही.

नाही उठला तर कॅबिनेटची बाजू उघडा. मदरबोर्डला जाणारा रुंद प्लग दिसेल, २४ तारांचा (फार जुन्यात २०). तो जागेवरच राहू दे. मीटर डीसी २० व्होल्टवर, काळा प्रोब कोणत्याही काळ्या तारेत किंवा कॅबिनेटच्या रंग नसलेल्या स्क्रूवर. लाल प्रोब जांभळ्या तारेच्या मागून, प्लगच्या भोकात अलगद सरकवा. भिंतीवरचं बटण चालू, कॉम्प्युटर बंद. इथं ४.७५ ते ५.२५ व्होल्ट दिसायलाच हवेत.

शून्य किंवा दोन-तीन व्होल्ट दिसले तर बटण बंद करून रुंद प्लग मदरबोर्डमधून काढा आणि जांभळी तार मोकळी मोजा. मोकळीतही पाच येत नसतील तर दोष एसएमपीएसचा, मदरबोर्डला उगाच दोष दिला. मोकळी असताना पाच आणि लावल्यावर खाली, असं होत असेल तर एक तर मदरबोर्डवर शॉर्ट आहे किंवा एसएमपीएस नुसता नावाला पाच दाखवतोय. अशा वेळी ओळखीच्यांकडचा चांगला एसएमपीएस दहा मिनिटांसाठी लावून बघणं हाच सरळ मार्ग.

जांभळ्यावर पाच नीट असतील तर पुढची तार हिरवी. कॉम्प्युटर बंद असताना हिरव्यावर साधारण ३ ते ५ व्होल्ट असतात. बटण दाबलं की मदरबोर्ड ही तार जमिनीला टेकवतो, म्हणजे व्होल्ट ०.८च्या खाली यायला हवेत. एकानं बटण दाबायचं, दुसऱ्यानं मीटर बघायचं. हिरवी खाली आली पण फॅन हलला नाही, तर मदरबोर्डनं आपलं काम केलं, एसएमपीएसनं केलं नाही. हिरवी हललीच नाही, तर दोष बटणात किंवा मदरबोर्डमध्ये.

बटणाचा संशय अर्ध्या मिनिटात फिटतो. कॅबिनेटच्या पुढून येणारी ‘पॉवर एसडब्ल्यू’ लिहिलेली दोन तारांची चिमटी मदरबोर्डवरून काढा आणि उघड्या पडलेल्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं सेकंदभर जोडा. मशीन उठलं तर बटण गंजलंय. जांबोटी-कणकुंबीकडच्या दमट हवेत हे होतंच. तात्पुरतं रिसेटचं बटण पॉवरच्या जागी लावून काम भागतं. उलटा प्रकारही असतो: मशीन चालू होतं आणि बरोबर चार सेकंदांत बंद पडतं. तेव्हा बटण आत चिकटून राहिलेलं असतं, कारण चार सेकंद दाबलं की सक्तीनं बंद करायचं असं मदरबोर्डला शिकवलेलंच आहे.

एसएमपीएस एकटा तपासायचा असेल तर भिंतीवरचं बटण बंद करून त्याच्या सगळ्या तारा मदरबोर्ड आणि डिस्कवरून काढा. एखादा जुना डीव्हीडी ड्राइव्ह तेवढा लावा, कारण काही जुने एसएमपीएस अजिबात भार नसेल तर सुरू होत नाहीत. रुंद प्लगमधली हिरवी आणि शेजारची काळी वायरच्या तुकड्यानं जोडा, मग भिंतीवरचं बटण चालू करा. फॅन फिरला की मोजा: पिवळी ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, केशरी ३.१४ ते ३.४७. करडी तारही विसरू नका. बाकीच्या तारा स्थिरावल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत करड्यावर पाचच्या आसपास व्होल्ट यायला हवेत. ‘सगळं ठीक, आता काम सुरू करा’ हा निरोप तिच्यावरून मदरबोर्डला जातो. तो निरोप गेला नाही तर फॅन मजेत फिरतात आणि पडदा काळाच राहतो.

या चाचणीत एसएमपीएस पास झाला म्हणजे तो चांगला, असं मात्र समजू नका. भाराविना सगळेच पैलवान. आणि जुन्या कपॅसिटरमुळे डीसीवर येणारी थरथर साध्या मीटरला दिसत नाही. १२ व्होल्टच्या तारेवर ती १२० मिलिव्होल्टच्या आत, ५ आणि ३.३च्या तारेवर ५० मिलिव्होल्टच्या आत हवी. ते बघायला ऑसिलोस्कोप लागतो.

तुमच्या मशीनमध्ये जांभळी मेलेली निघाली तर एसएमपीएस बदला. तो नखाएवढा कपॅसिटर काही रुपयांचाच, पण खोका स्वतः उघडू नका. आत सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही ते मोठ्या कपॅसिटरमध्ये साठून राहू शकतं. टीव्ही-एम्प्लिफायर दुरुस्त करणारा जाणता माणूस गावात असेल तर त्याच्याकडे द्या. तो दहा मिनिटांत बदलून देईल, आणि उघडलाच आहे म्हणून आत सुकलेली पाल आहे का तेही बघेल. हसण्यावारी नेऊ नका. ऊब आणि अंधार मिळाल्यावर पाल, झुरळ, मुंग्या सगळ्यांना एसएमपीएस आवडतो, आणि मेलेली पाल चांगला शॉर्ट करते.

प्रश्न : उद्यमबागेत आमची छोटी फाउंड्री आहे. ऑफिसच्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं की फॅन जरासा हलतो, थांबतो, परत हलतो, परत थांबतो. एसएमपीएस नवीन घातला तरी तेच. आता काय बदलू?
– एक कारखानदार, बेळगाव

आता काही बदलू नका, काढत जा. फॅन हलून थांबतो याचा अर्थ एसएमपीएस सुरू होतोय, कुठंतरी शॉर्ट लागतोय आणि तो स्वतःला वाचवायला बंद होतोय. नवा घातला तरी तेच होतं म्हणजे तो बिचारा निर्दोष आहे.

लाईट बंद करून मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यातला, सीपीयूच्या शेजारचा चार तारांचा प्लग काढा. दोन पिवळ्या, दोन काळ्या असतात. आता बटण दाबा. फॅन सलग फिरू लागले तर शॉर्ट सीपीयूला वीज देणाऱ्या भागात आहे. खात्रीसाठी भिंतीवरचा प्लग काढून, मीटर ओहमवर ठेवून, मदरबोर्डवरच्या त्या चौकोनी सॉकेटमध्ये पिवळ्याची आणि काळ्याची जागा मोजा. शेकडो किंवा हजारो ओहम यावेत. एक-दोन ओहम आले, मीटर पीं वाजला, तर तिथला एखादा मॉस्फेट (वीज झटपट चालू-बंद करणारा भाग) जळून आरपार झालाय. हेच माप थेट सीपीयूजवळच्या कॉइलवर घेऊ नका. तिथं चांगल्या बोर्डवरही अगदी कमी ओहम येतात आणि माणूस घाबरून चांगला बोर्ड भंगारात टाकतो.

चार तारा काढूनही उचकी चालूच राहिली तर सगळं उतरवा: हार्डडिस्क, डीव्हीडी, ग्राफिक कार्ड, पुढच्या यूएसबीची वायर. पुढच्या यूएसबीत आतली पट्टी वाकून पिना एकमेकींना टेकलेल्या असतात, हे फार जण बघत नाहीत. तरीही तेच असेल तर मदरबोर्ड कॅबिनेटमधून काढून पुठ्ठ्यावर ठेवा. सीपीयू, त्याचा कूलर आणि रॅमची एकच पट्टी एवढ्यावर चालवून बघा. बाहेर चालला तर बोर्डखाली काहीतरी टेकतंय: एखादा सुटा स्क्रू किंवा जागा चुकलेला पितळी खुंटा.

तुमच्या बाबतीत मात्र दाट संशय वेगळाच आहे. फाउंड्रीची धूळ म्हणजे घरची धूळ नव्हे. ग्राइंडिंगमधून उडणाऱ्या धुळीत लोखंड असतं आणि लोखंडातून करंट जातो. फॅनच्या मधल्या गोल भागात चुंबक असतं. फॅन उपसून त्याच्या आतली कड बघा. काळपट केसाळ थर उभा राहिलेला दिसेल, दाढीच्या खुंटांसारखा. तशीच भुकटी मदरबोर्डवरच्या कॉइलभोवती आणि रॅमच्या खाचांत बसते. कोरड्या दिवसांत ती गप्प असते, पावसाळ्यात ओल धरली की शॉर्ट करते.

ही धूळ कारखान्यातल्या कॉम्प्रेसरनं उडवू नका. त्या हवेत पाणी आणि तेल असतं, शिवाय जोरानं लोखंड सॉकेटमध्ये आणखी आत जातं. मऊ ब्रश आणि व्हॅक्यूमची नळी बरोबर चालवा, ब्रशनं सोडवलेलं लगेच ओढून घेतलं पाहिजे. फॅनचं पातं बोटानं धरून ठेवा. चुंबकाची दाढी चिकटपट्टीनं निघते. रॅमचे सोनेरी दात खोडरबरानं हलके पुसा. शेवटी बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशनं धुऊन तासभर तरी पूर्ण वाळू द्या.

बोर्ड साफ करताना सीपीयूभोवतीच्या उभ्या कपॅसिटरांची डोकी बघून घ्या. सपाट हवीत. डोकं फुगलंय, फुलीच्या रेघा उघडल्यात किंवा बुडाशी तपकिरी द्रव सुकलाय, तर तो गेला. २०००च्या आसपासच्या आणि त्यानंतरच्या काही वर्षांतल्या बोर्डांत हा रोग जगभर होता. बदलताना तितकेच मायक्रोफॅरड, तितकेच किंवा थोडे जास्त व्होल्ट, १०५ अंशाचा आणि ‘लो ईएसआर’ (आतला रोध कमी असलेला) असाच घ्या. साधा पंख्याच्या रेग्युलेटरच्या दुकानातला लावला तर महिनाभरात पुन्हा हेच पत्र लिहाल. जुना काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. कपॅसिटरवरचा पट्टा उणे बाजूचा असतो, पण बोर्डवर छापलेली रंगीत बाजू सगळ्या कंपन्यांत उणे नसते.

दुरुस्तीनंतर कॅबिनेट जमिनीवरून उचलून टेबलावर घ्या, शक्यतो काचेच्या केबिनमध्ये. पुढच्या जाळीला पातळ स्पंज लावा आणि दर आठवड्याला तो झटकून घ्या.

प्रश्न : निपाणीत आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. लाईट गेली की यूपीएस वाजतो, पण कॉम्प्युटर त्याच क्षणी बंद होऊन परत चालू होतो. यूपीएसची बॅटरी दोनदा बदलली. दुसऱ्या टेबलावरचा नवा कॉम्प्युटर त्याच यूपीएसवर चालतो.
– एक दुकानदार, निपाणी

शेवटच्या वाक्यात तुम्ही स्वतःच उत्तर दिलंय. यूपीएस ठीक आहे, जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस दमलाय.

दुकानात मिळणारा साधा यूपीएस लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला साधारण ४ ते १० मिलिसेकंद घेतो. तेवढा वेळ कॉम्प्युटरनं स्वतःच्या साठ्यावर काढायचा असतो. हा साठा एसएमपीएसमधल्या दोन मोठ्या कपॅसिटरमध्ये असतो. चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर १६ मिलिसेकंदांच्या आसपास तग धरतो. कपॅसिटर सुकले की साठा आटतो, विहिरीत गाळ भरल्यासारखा. वरून पाणी दिसतं, पण उपसा सुरू केला की दोन मिनिटांत तळ. रोजच्या कामात काही कळत नाही, लाईट जाताच कळतं.

खात्री अशी करा. यूपीएसला फक्त १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा. नऊ वॅटच्या एलईडीवर काही कळणार नाही. मग भिंतीवरचं बटण बंद करा. प्लग उपटू नका, उपटला तर अर्थिंगही तुटतं. बल्ब नुसता लवून पेटता राहिला तर यूपीएस पास. मग बॅटरीवर तिसऱ्यांदा पैसे घालू नका, एसएमपीएस बदला.

आणखी एक शक्यता: त्या जुन्या कॉम्प्युटरबरोबर लेझर प्रिंटरही यूपीएसवर असेल तर तो आधी काढा. ६०० व्हीएच्या यूपीएसवर साधारण ३६० वॅटच चालतात आणि लेझर प्रिंटर गरम होताना एकटाच त्याहून जास्त ओढतो.

घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर असणाऱ्यांनी मागचा बारीक स्विच बघावा. तो ‘यूपीएस’वर हवा. ‘नॉर्मल’वर असेल तर बदलायला जास्त वेळ लागतो आणि चांगला एसएमपीएसही पडतो.

प्रश्न : कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात. अनवाणी असलं की जास्त. टेस्टरही मंद पेटतो. कॉम्प्युटर महिन्यातून एकदा तरी बिघडतो. करंट लीक आहे काय?
– एक वाचक, अथणी तालुका

करंट लीक नाही, तुमच्याकडे अर्थिंगच नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याकडे दोन छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. लाईटमधला गोंगाट जमिनीत सोडायचं त्यांचं काम. जमीन जोडलेलीच नसेल तर पत्रा मधल्या मध्ये लोंबकळतो, जवळजवळ ११५ व्होल्टवर. करंट एक मिलिॲम्पियरहूनही कमी, म्हणून झटका न बसता मुंग्या येतात. माणसाला धोका कमी, पण प्रिंटर किंवा नेटवर्कची वायर चालू मशीनला लावताना तेच ११५ व्होल्ट पोर्टमधून वाट काढतात. तुमचं महिन्याचं दुखणं कदाचित हेच.

सॉकेटमध्ये तीन मापं घ्या. फेज-न्यूट्रल २३०, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ साठ-सत्तरावर झुलत असेल तर वरच्या मोठ्या भोकातली तार कुठंच गेलेली नाही.

वायरमन न्यूट्रलच अर्थच्या पिनेला जोडून देतो म्हणाला तर हात जोडून नको म्हणा. मुंग्या थांबतील, पण पुढं कधी न्यूट्रल तुटली तर अख्खी फेज कॅबिनेटवर येईल. नीट अर्थिंग म्हणजे ४० मिलिमीटरचा, अडीच मीटर लांब जीआय पाइप खड्ड्यात, भोवती कोळसा आणि मीठ. उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी ओतत राहायचं. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

न्यूट्रलचा विषय निघालाच आहे म्हणून. वादळात टीसीवरची, म्हणजे सीमेपलीकडे महाराष्ट्रात डीपी म्हणतात त्या ट्रान्सफॉर्मरवरची, न्यूट्रल सैल झाली की एका घरातले बल्ब लख्ख आणि शेजारचे मिणमिणते होतात. लख्ख घरात व्होल्टेज चारशेकडे जात असतं. तेव्हा कॉम्प्युटर ‘शटडाउन’ करत बसू नका. मेन स्विच पाडा आणि मग लाइनमनला फोन करा.

प्रश्न : रोज सकाळी तारीख २००९ दाखवतो आणि एफ१ दाबायला सांगतो. हाही पॉवरचाच दोष काय?
– चिकोडी

मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल संपलाय. सीआर २०३२ घ्या. नवा ३ व्होल्टच्या वर दाखवतो, २.८च्या खाली गेला की बदलायचा. रोज भिंतीवरचं बटण बंद करणाऱ्यांचा सेल लवकर संपतो, कारण एरवी घड्याळ स्टँडबायच्या वीजेवर चालतं. तरी वळवाच्या दिवसांत बटण बंद करा, प्लगही काढा, आणि इंटरनेटची वायरसुद्धा काढा. वीज पडते तेव्हा ती त्या वायरनंही आत येते.

प्रश्न : एसएमपीएस बदलायचा ठरला. दुकानात ४५० वॅटचे तीन तऱ्हेचे दाखवतात, दरात तिपटीचा फरक. कोणता घेऊ? बेळगावात घेऊ की कोल्हापूरला जाऊ?
– संकेश्वर

कुठंही घ्या, पण खोका हातात घेऊन बाजूची पट्टी वाचा. वॅटचा मोठा आकडा वाचू नका, १२ व्होल्टपुढचे ॲम्पियर वाचा आणि बारानं गुणा. ४५० वॅट छापलेलं असतं आणि १२ व्होल्टपुढे १६ ॲम्पियर, म्हणजे १९२ वॅट. आजच्या यंत्राचा जवळजवळ सगळा भार १२ व्होल्टवरच असतो. ३० ॲम्पियर लिहिले असतील तर ३६० वॅट, तो आकडा खरा मानायला हरकत नाही. वजनही बघा. फिल्टरची कॉइल आणि जाड हीटसिंक गाळून बनवलेला खोका खेळण्यातल्यासारखा हलका लागतो.

ग्राफिक कार्ड नसलेला जुना कॉम्प्युटर कामात असताना शंभर-सव्वाशे वॅटच्या वर क्वचित जातो. प्रामाणिक ३०० ते ४०० वॅटचा त्याला भरपूर होतो.

जाताना जुना एसएमपीएस बरोबर न्या. नेहमीचा १५० मिलिमीटर रुंद, ८६ उंच आणि १४० खोल असतो, पण बारीक कॅबिनेटमध्ये लांबट आकाराचा बसवलेला असतो. मदरबोर्डकडे २४ ऐवजी सहा, आठ, दहा किंवा चौदा तारांचा प्लग जात असेल तर ते कंपनीचं ऑफिस मॉडेल आहे. त्याला साधा एसएमपीएस कन्व्हर्टर वायर लावूनच बसतो, आणि ती वायर नेमक्या त्याच मॉडेलची हवी. प्लग आत गेला म्हणजे जुळला असं नाही. काही जुन्या कंपनी-मशीनमध्ये प्लग तोच, पण तारांची जागा वेगळी असते. म्हणून लाईट लावण्याआधी जुन्या आणि नव्या प्लगमधले रंग एकेक भोक जुळवून बघा.

आणि दुकानात पूर्ण कॅबिनेट ठेवून यायचं असेल तर निघण्याआधी हार्डडिस्क काढून घरी ठेवा. दोन वायरी आणि चार स्क्रू, एवढंच काम. मशीन उठेना म्हणजे आतली माहिती गेली असं बहुतेक वेळा नसतं. साडेतीन इंची डिस्क वेगळ्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरसह यूएसबीला जोडली की दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडते.